इटालियन शब्दांचे इंग्रजी उच्चार व अनुवाद

इंग्रजीत रुळलेल्या इटालियन शब्दांचे उच्चार आणि इटलीतल्या रोजच्या बोलण्याचे इंग्रजी अनुवाद, असा हा दुहेरी विषय आहे. पियानो, पिझ्झा, बाल्कनी, मलेरिया, इन्फ्लुएंझा हे शब्द मुळात इटलीतले. मराठीत ते इंग्रजीच्या हातून आले आणि इंग्रजी वळण घेऊनच आले. खरे तर इटालियनचे कितीतरी ध्वनी इंग्रजीपेक्षा मराठीच्या जवळचे आहेत.

उच्चार. इटालियन लेखन बरेचसे उच्चारानुसारी आहे. मूळ वर्णमालेत २१ अक्षरे आहेत आणि त्यांचे नियम ठरलेले आहेत. ‘सी’पुढे ‘ई’ किंवा ‘आय’ आला की ‘च’, मध्ये ‘एच’ आला की ‘क’. म्हणून ‘चाओ’ आणि ‘क्यांती’ (एक वाइन) यांची सुरुवात वेगळी होते. ‘जी’ आणि ‘एन’ एकत्र आले की ‘न्य’ : बटाट्याच्या छोट्या गोळ्यांच्या पदार्थाला इटलीत ‘न्योक्की’ म्हणतात.

इंग्रजी वाचक हीच अक्षरे आपल्या सवयीने वाचतो. याचे ठळक उदाहरण म्हणजे भाजलेल्या पावाच्या कापावर लसूण चोळून, ऑलिव्ह तेल सोडून केलेला पदार्थ. त्याचे नाव ‘ब्रुस्केत्ता’. निखाऱ्यावर भाजणे या अर्थाच्या रोमकडच्या क्रियापदावरून ते आले. नावातल्या ‘एस-सी-एच’चा इंग्रजीत ‘श’ झाला आणि आपल्याकडच्या मेनूकार्डांवर तो ‘ब्रुशेटा’ म्हणून उतरला. यात ‘क’ गेला, जोड ‘त्त’ गेला आणि दंत्य ‘त’चा ‘ट’ झाला. मराठी माणसाला यातले काहीच अवघड नव्हते.

‘पिझ्झा’चेही तसेच. इटालियन उच्चारात तिथे ‘झ’ नाही, जोड ‘च्च’ आहे, आणि तो ‘चार’मधला नव्हे, ‘चाक’मधला. ‘चाक’ म्हणताना जिभेचे टोक दातांशी जिथे टेकते तिथेच क्षणभर थांबून ‘पिच्चा’ म्हणावे. इंग्रजीत शब्दारंभी हा ध्वनी सहसा येत नाही. आपण तो दिवसातून शंभर वेळा काढतो.

जोड व्यंजनाने इटालियनमध्ये अर्थच बदलतो, जसा मराठीत ‘गडी’ आणि ‘गड्डी’त बदलतो. ‘कासा’ म्हणजे घर, ‘कास्सा’ म्हणजे दुकानातला गल्ला. ‘नोनो’ म्हणजे नववा, ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा. इंग्रजी भाषकाला हा फरक कानाने पकडायलाही वेळ लागतो. आघात बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो, पण ‘तेलेफोनो’त तो ‘ले’वर येतो, असे शब्द ऐकूनच शिकावे लागतात.

बदललेले अर्थ. ‘लात्ते’ म्हणजे नुसते दूध. इटलीतल्या कॉफीच्या दुकानात एवढेच म्हटले, तर दुधाचा ग्लास समोर येऊ शकतो. अमेरिकेत ‘पेपरोनी’ म्हणजे मसालेदार सॉसेज, तर इटलीत ‘पेपेरोनी’ म्हणजे ढोबळी मिरची. इंग्रजीतले ‘कॉन्फेटी’ कागदाचे कपटे असतात. इटलीत लग्नात वाटतात ते ‘कॉन्फेत्ती’ म्हणजे साखरेत घोळवलेले बदाम. ‘पानीनी’ हे मुळात अनेकवचन, एकवचन ‘पानीनो’. इंग्रजीने अनेकवचनच एकवचन म्हणून घेतले.

काही शब्दांत जुनी समजूत जिवंत आहे. मलेरिया म्हणजे ‘वाईट हवा’. ताप दलदलीच्या हवेने येतो असे मानत, तेव्हाचे हे नाव. डास हे कारण रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादला शोधले, नाव मात्र तेच राहिले. ‘क्वारंटाइन’ हा शब्द व्हेनिसकडच्या ‘चाळीस दिवस’ या अर्थाच्या शब्दावरून आला; साथीच्या भीतीने जहाजांना तेवढे दिवस वेगळे थांबवत. फ्लॉरेन्समध्ये १७०० च्या सुमारास बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने हळू आणि जोरात, दोन्ही वाजणारे वाद्य घडवले. त्याच्या ‘पियानोफोर्ते’ या नावातला ‘हळू’ एवढाच भाग पुढे उरला. इटलीत आजही ‘प्यानो, प्यानो’ म्हणतात, अगदी आपल्या ‘हळूहळू’सारखे.

रोजचे बोलणे. इथे शब्दाला शब्द ठेवून भागत नाही. ‘प्रेगो’ हा एकच शब्द आभाराला उत्तर म्हणून, ‘या, बसा’ म्हणून, ‘आधी तुम्ही’ म्हणून आणि दुकानात ‘बोला, काय देऊ?’ म्हणूनही येतो. फोन उचलल्यावर ‘प्रोंतो’ म्हणतात. त्याचा शब्दार्थ ‘तयार’. ‘चाओ’ व्हेनिसच्या बोलीतला, मूळ अर्थ ‘आपला दास’. आज तो भेटताना आणि निघताना, दोन्ही वेळी म्हणतात, पण ओळखीच्या माणसालाच.

इंग्रजी अनुवादात सर्वात मोठी हानी होते ती ‘तू’ आणि ‘लेई’ यांची. ‘तू’ हा इटालियनमध्येही जवळच्या माणसासाठीचा ‘तू’च, आणि ‘लेई’ हा आदराचा. इंग्रजीत दोन्हींना ‘यू’ एवढेच आहे. म्हणून ‘कोमे स्ताय?’ आणि ‘कोमे स्ता?’ ही दोन्ही वाक्ये तिथे सारखीच होतात. मराठीत पहिले ‘कसा आहेस?’ आणि दुसरे ‘कसे आहात?’ असे सरळ उतरते.