पडून पडून बिघडणारी लिफ्ट

गेल्या लग्नसराईत आम्ही आत्याला घेऊन एका मंगल कार्यालयात गेलो होतो. दारात नऊ पायऱ्या. पण कडेच्या भिंतीला तिरका रूळ बसवलेला आणि खाली घडी घातलेला प्लॅटफॉर्म, म्हणजे व्हीलचेअरची सोय होती. त्याच्या पुढ्यात सतरंज्यांच्या गुंडाळ्या होत्या, त्या बाजूला केल्या. किल्ली वॉचमनकडे, वॉचमन जेवायला. तो आला, किल्ली फिरवली, आत्याची खुर्ची वर घेतली, बटण दाबलं. प्लॅटफॉर्म वीतभर सरकला, खाट्कन थांबला आणि पीं पीं करत बसला. शेवटी चार पुतण्यांनी तिला खुर्चीसकट उचललं. ‘नवरीच्या आधी माझीच वरात,’ आत्या म्हणाली. म्हणताना हसली, पण दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरले होते.

पुढच्या आठवड्यात मेकॅनिक येणार असं कळलं. मी निवृत्त इंजिनिअर, वेळच वेळ. जाऊन पायरीवर बसलो.

आधी या यंत्राला काम किती पडतं ते पाहू. नऊ पायऱ्या म्हणजे साधारण १.३५ मीटर उंची. आत्या, तिची खुर्ची आणि प्लॅटफॉर्म मिळून २०० किलो धरा. एवढं वजन तेवढं उचलायला लागणारी ऊर्जा सुमारे २,६५० ज्यूल. रूळ तीन मीटर लांब आणि वेग सेकंदाला १० सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या मिनिटाचा प्रवास. (आंतरराष्ट्रीय मानकांनी अशा लिफ्टला घातलेली मर्यादा सेकंदाला १५ सेंटिमीटर आहे, गोगलगायीपेक्षा बरी.) भागाकार केला की शक्ती येते ८८ वॉट. छताला लटकणारा जुना पंखा जवळपास तेवढीच वीज खातो. घर्षण आणि गिअरमधली गळती धरून मोटरला ३०० वॉट लागू देत, तरी ते घरच्या मिक्सरपेक्षा कमीच. मग एवढ्याशा कामाला यंत्र दमलं कसं?

मेकॅनिकनं झाकण उघडलं. आत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, एकीला एक जोडून २४ व्होल्ट. बऱ्याचशा जिना-लिफ्ट अशाच बॅटरीवर चालतात, म्हणजे वीज गेली तरी माणूस अध्येमध्ये लटकत नाही. प्लॅटफॉर्म खाली किंवा वर आपल्या जागी उभा असला की पितळी पट्ट्या चार्जरला टेकतात आणि बॅटरी भरत राहते. मेकॅनिकनं मीटर लावला: २५.४ व्होल्ट. ‘उत्तम आहे की,’ मी म्हणालो. तो काही बोलला नाही. मीटर तसाच ठेवून त्यानं बटण दाबलं. मोटर सुरू होताना ३० अँपिअरच्या आसपास ओढते. आकडा सरळ १९ वर आला आणि पीं पीं सुरू. ‘बॅटरी बसली, साहेब. लोड घेत नाही.’

गच्चीवरची टाकी भरलेली असली, नळ बंद असला, तर दाब पुरेपूर असतो. नळ सोडला की करंगळीएवढी धार, कारण पाइपात क्षार धरलेत. जुन्या बॅटरीचं तसंच होतं, तिचा अंतर्गत रोध वाढतो. तो ०.२ ओहम झाला असेल तर ३० अँपिअरला ६ व्होल्ट आतल्या आतच खर्ची पडतात. शिशाच्या बॅटरीतून वीज काढली की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. ताजं असताना त्याचे कण बारीक असतात, चार्जिंगला लावलं की परत जातात. पण बॅटरी रिकामी पडून राहिली तर जुन्या मधात साखर धरावी तसे त्याचे खडे होतात, आणि ते चार्जरला दाद देत नाहीत. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. तापमान दर १० अंशांनी वाढलं की अशा बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं.

पण चार्जर तर चोवीस तास लावलेला असायला हवा! वॉचमनला विचारलं. ‘रात्री सगळे स्विच बंद करायची ऑर्डर आहे. लाइट बिल.’ त्या सगळ्या स्विचांत हाही एक होता. महिन्याकाठी काही रुपये वाचले असतील, आता बॅटऱ्यांची नवी जोडी आली. लिफ्ट झिजल्यामुळे बंद पडलीच नव्हती. पडून राहिल्यामुळे पडली होती. मेकॅनिकच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्याकडच्या निम्म्या तक्रारी अशाच असतात: धूळ, गंजलेले कॉन्टॅक्ट, उंदरानं कुरतडलेली वायर, हरवलेली किल्ली.

नवी बॅटरी टाकूनही गडी हलेना. आता मेकॅनिक म्हणाला, ‘सेफ्टी ओपन दाखवतंय.’

जुन्या पद्धतीची दिवाळीची माळ आठवा. एक बल्ब गेला की अख्खी माळ अंधारात. घरी त्याचा वैताग येतो, पण लिफ्टच्या सुरक्षेची माळ मुद्दाम अशीच गुंफतात. आडव्या दांड्या नीट खाली आल्यात का, उताराची फळी उचलली गेली आहे का, कडेच्या संवेदी पट्ट्यांना काही टेकलंय का, रुळाच्या टोकाचा लिमिट स्विच, लाल इमर्जन्सी बटण, हे सगळे स्विच एकापुढे एक. सगळ्यांचे कॉन्टॅक्ट जुळलेले असले तरच प्रवाह वाहतो आणि मोटरला परवानगी मिळते. गंमत अशी की वायर तुटली, स्क्रू सैल झाला, कॉन्टॅक्टवर काजळी धरली, तरी परिणाम एकच: यंत्र थांबतं. बिघाड झालाच तर तो थांबण्याच्या बाजूनं व्हावा, अशी ही रचना आहे. ब्रेकचंही तसंच. स्प्रिंग तो सतत दाबून धरते, वीज आली की विद्युतचुंबक तो सोडवतो. वीज गेली की ब्रेक आपोआप लागतो.

म्हणून ‘ही लिफ्ट सारखी बंद पडते’ ही तक्रार ऐकली की मला आता आधी बरं वाटतं. वाईट बातमी वेगळीच असते: कोणीतरी कंटाळून कटकट करणाऱ्या स्विचच्या दोन वायरी एकत्र पिळून टाकल्यात आणि लिफ्ट ‘मस्त चालतेय’. इथे तसं नव्हतं. उताराच्या फळीच्या बिजागरीत अक्षता अडकल्या होत्या. अक्षरशः अक्षता, कुंकवानं लाल झालेल्या. फळी पूर्ण उचलली जात नव्हती, स्विच दाबला जात नव्हता. ब्रशनं झाडल्या, काम झालं.

मग त्यानं पायातली चप्पल काढली आणि तिसऱ्या पायरीवर आडवी उभी केली. लिफ्ट खाली सोडली. प्लॅटफॉर्मच्या पोटाशी एक तरंगती पत्र्याची तबकडी असते. ती चपलेला टेकली, जराशी आत दबली, आणि सगळं थांबलं. खालचं बटण कितीही दाबलं तरी हलेना, वरचं दाबलं तर मात्र लगेच मागे गेली. अडथळ्यापासून दूर जायची मुभा, त्याच्यावर चालून जायची नाही. ही परीक्षा त्यानं पट्ट्यांच्या चारही बाजूंना केली. दर वेळी बटणावरचं बोट काढून पाहिलं. बोट उचललं की लिफ्ट जागच्या जागी थांबलीच पाहिजे.

ग्रीसबद्दल एक सांगतो, कारण हौशी लोक इथेच घोळ घालतात. रुळाला दातेरी पट्टी असेल आणि त्यावर पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, चालत असेल, तर पातळ थर पुरे. जाड थापलं की त्यावर धूळ बसते आणि दात घासणारा मसाला तयार होतो. काही लिफ्टची चाकं तर नुसत्या घर्षणावर नळी पकडून चढतात. तिथे ग्रीस लावणं म्हणजे चढावर तेल ओतणं.

चढण्यापेक्षा उतरणं जोखमीचं. गिअर तुटला तर २०० किलो वजन उतारावर मोकळं सुटेल. त्यासाठी पट्टीवर आणखी एक स्वतंत्र चाक फिरत असतं, मोटरशी त्याचा संबंध नाही. वेग ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की त्यातली खिटी केंद्रोत्सारी बलानं बाहेर फेकली जाते, अडकते आणि प्लॅटफॉर्म रुळाला जखडतो. याला वीज लागत नाही, सेन्सर लागत नाही. याची चाचणी पूर्ण वजनानिशी घ्यावी लागते, रिकाम्या लिफ्टवर ती फसवी ठरते. चाचणीची वजनं त्यानं आणली नव्हती. पण मंगल कार्यालयाच्या कोठीत तांदळाच्या ५० किलोच्या गोण्या होत्या. आचाऱ्याच्या माणसांनी चार आणून टाकल्या. त्याहून जास्त वजनाची मनाई पाटीवरच होती.

तरीही यंत्राची तपासणी यंत्रापाशी संपत नाही, आणि याचा सर्वांत कडू धडा दक्षिण कोरियातल्या सोलच्या मेट्रोनं घेतला. २००१ च्या जानेवारीत तिथल्या ओइदो स्थानकात सरळ वर जाणाऱ्या व्हीलचेअर लिफ्टची तार तुटली आणि एका वृद्धेचा जीव गेला. त्यानंतर अपंग प्रवासी रेल्वेच्या रुळांवर उतरले, मोठ्या बंदिस्त लिफ्ट मागू लागले. तो यंत्राचा दोष होता. पण २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सिंगिल स्थानकात जे झालं त्यात जिन्यावरची लिफ्ट हललीही नव्हती. मदतनिसाला बोलावण्याचं बटण जिन्याच्या अगदी जवळ, डाव्या हाताला होतं. आलेल्या प्रवाशाचा डावा हात चालत नव्हता. उजव्या हातानं बटण गाठायला त्यानं खुर्ची वळवली, पाठ जिन्याकडे झाली, आणि तो खाली गेला. जानेवारीत तो वारला. मोटर, ब्रेक, दातेरी पट्टी, कशातही काही बिघाड शोधून सापडला नसता.

हे मी मेकॅनिकला सांगितलं. त्यानं हत्यारं पिशवीत भरली होती, ती पुन्हा खाली ठेवली. ऑफिसातली चाकांची खुर्ची मागवली, तिच्यात बसला आणि पाय न टेकता खालच्या बटणापाशी जायला लागला. बटणापुढे शोभेच्या दोन मोठ्या कुंड्या होत्या. त्याचा हात बटणापासून फूटभर अलीकडेच राहिला. सर्व्हिसच्या फॉर्मवर कुंड्यांसाठी रकाना नव्हता, म्हणून त्यानं शेऱ्यात लिहिलं: ‘कुंड्या हलवल्या. स्विच रात्री बंद करू नये.’ आणि मॅनेजरची सही घेतली.