मुंग्या, परीक्षानळी आणि पंचावन्न मिनिटं

‘मला शुगर वाढली की बरोबर कळतं, मशीन लागत नाही,’ असं म्हणणारं एक तरी माणूस प्रत्येक घरात असतं. आमच्याकडे ती मावशी होती. विजयसाराच्या लाकडी पेल्यात रात्री पाणी भरून ठेवायची, सकाळी तांबूस झालेलं ते पाणी प्यायची आणि ‘आज हलकं वाटतंय’ म्हणत चहात दोन चमचे साखर घालायची. पथ्य, झाडपाला आणि आतून येणारी जाणीव या तिन्हींवर मधुमेह सांभाळायची ही रीत बरीच जुनी आहे, आणि तिचा इतिहास दिसतो तितका साधा नाही.

चरकसंहितेत प्रमेहाची, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या विकाराची, कारणं देणारा श्लोक ‘आस्यासुखं स्वप्नसुखं’ असा सुरू होतो. बसून राहण्याचं सुख, झोपेचं सुख, मग दही, नवं धान्य, गुळाचे पदार्थ. रुग्णाच्या लघवीकडे मुंग्या धावतात ही खूणही तिथेच आहे. सुश्रुत आणखी पुढे जातो. एक प्रमेह जन्मजात, रोगी कृश. दुसरा अपथ्याने होणारा, रोगी स्थूल. पहिल्याला पोसायचं, दुसऱ्याला लंघन द्यायचं. ज्याच्याकडे पैसा नाही, कोणी आप्त नाही, त्याला तर त्याने सांगितलंय की पायात वहाणा नकोत, डोक्यावर छत्री नको, भिक्षा मागून खा, एका गावात एकच रात्र राहा आणि शंभर योजनं चाल. नाहीतर विहीर खण. (पंचाहत्तर मिनिटांची गार्डनमधली फेरी आपल्याला फार वाटते!)

या सगळ्यात रुग्णाला काय वाटतं याला फारसं महत्त्व नव्हतं. साक्ष होती ती मुंग्यांची.

युरोपातही आहार हेच औषध होतं. 1796–97 मध्ये जॉन रोलो या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने एका कॅप्टनला जवळपास मांसावरच ठेवून त्याची लघवीतली साखर उतरवली. 1870–71 मध्ये पॅरिसला वेढा पडला, शहरात अन्नाचा दुष्काळ झाला, आणि बुशार्दा या डॉक्टरच्या लक्षात आलं की आपले मधुमेही सुधारताहेत. अमेरिकेत फ्रेडरिक अ‍ॅलनने हा धागा टोकाला नेला. लघवीतली साखर जाईपर्यंत उपाशी ठेवायचं, मग दिवसाला काही शे कॅलरी आणि तीन-तीनदा उकळून पाणी फेकून दिलेल्या भाज्या. एलिझाबेथ ह्यूज नावाची मुलगी 1919 मध्ये अकराव्या वर्षी त्याच्याकडे आली. 1922 च्या ऑगस्टमध्ये ती टोरांटोला, इन्सुलिन शोधणाऱ्या डॉ. बँटिंगकडे पोचली तेव्हा तिचं वजन जेमतेम 20 किलो होतं. त्याच वर्षी जानेवारीत टोरांटोतच लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं होतं. एलिझाबेथ पुढे 1981 पर्यंत जगली.

‘नुसत्या आहारावर मधुमेह बरा’ असं कोणी सरसकट म्हणालं की मला ती वीस किलोची मुलगी आठवते. सुश्रुताचा कृश रोगी तिच्यासारखाच असावा असं आजचे बरेच अभ्यासक मानतात. त्याला इन्सुलिन सोडायला सांगणं म्हणजे 1922 च्या मागे ढकलणं.

इन्सुलिन आलं आणि पथ्य मागच्या बाकावर गेलं. मोजमाप मात्र अजून मुंग्यांच्या फार पुढे सरकलं नव्हतं. आमच्या आजोबांची परीक्षानळी मोरीच्या फळीवर उभी असायची. 5 मिलि निळं बेनेडिक्ट द्रावण, त्यात लघवीचे आठ थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. निळंच राहिलं तर आजोबा खूश. हिरवं, पिवळं, केशरी असं करत विटेच्या रंगावर गेलं की जेवणाच्या ताटावरचा भात गायब. पण रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही, आणि उतरते तीही काही तासांपूर्वीची. म्हणजे नळीत दिसायची ती शिळी बातमी.

ही अडचण ओलांडली ती एका रुग्णाने. रिचर्ड बर्नस्टाइन हा अमेरिकन इंजिनियर वयाच्या बाराव्या वर्षापासून इन्सुलिनवर होता. 1969 मध्ये त्याने रक्तातली साखर मोजणाऱ्या यंत्राची जाहिरात पाहिली. किंमत 650 डॉलर, वजन सव्वा किलोच्या वर, आणि विक्री फक्त डॉक्टरांना. बायको डॉक्टर होती, तिच्या नावावर घेतलं. दिवसातून पाच-सहा वेळा बोट टोचून त्याने स्वतःचं जेवण तपासलं आणि पिष्टमय पदार्थ कमी केले तर साखर स्थिर राहते हे ताडलं. डॉक्टर मंडळी ऐकेनात, म्हणून हा गृहस्थ पंचेचाळिशीच्या आसपास वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाला. 2025 मध्ये नव्वदीत वारला. त्याच्या कडक पथ्यावर मतभेद आहेत, पण घरी साखर मोजण्याची सवय आज साऱ्या जगाला आहे.

झाडपाल्याचीही गंमत आहे. जिला सगळेजण ‘केमिकल’ म्हणून नावं ठेवतात त्या मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनच्या गोळीचं मूळ गालेगा नावाच्या युरोपीय रानवनस्पतीत आहे. त्या वनस्पतीतलं मूळ द्रव्य विषारी, मेंढ्या ती खाऊन मरत. त्याच कुळातलं सौम्य संयुग 1922 मध्ये डब्लिनला तयार झालं आणि 1957 मध्ये पॅरिसमध्ये झाँ स्टर्नने ते रुग्णांना दिलं. इथे नैसर्गिक होतं तेच घातक होतं.

महाराष्ट्रात आहार पुन्हा चर्चेच्या मध्यभागी आला तो नागपूरच्या श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानांतून. त्यांचा आधार घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दिवसात दोनच जेवणं आणि प्रत्येक पंचावन्न मिनिटांच्या आत संपवायचं हा मंत्र घरोघरी नेला. समोर आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकरांचं ‘थोडं थोडं, वरचेवर आणि आपल्या मातीतलं खा’. 2018 च्या सुमारास या दोन पंथांनी लग्नाच्या पंगतीतसुद्धा भांडणं लावली. दीक्षितांकडे एक गोष्ट मला पटते, सुरुवातीलाच एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी) करून या म्हणतात. इन्सुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या चालू असताना मनानेच जेवण गाळणारा मात्र भोवळ येऊन पडू शकतो. जुन्या मधुमेहात तर घाम, थरथर या साखर उतरल्याच्या खुणाही बोथट होतात. आतला आवाज गप्प होतो तो नेमका गरजेच्या वेळी.

आपल्या अंगकाठीचंही असंच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापला गेला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबात वजन, 22.3. शरीरातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के, याज्ञिकांची 21.2. आरशात दोघेही सडपातळ. पुढे 2017 मध्ये निकाल आलेल्या ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत वजन उतरवून 46 टक्के रुग्ण वर्षभराने औषधाविना मधुमेहमुक्त पातळीवर आले. हे सगळे निदान होऊन सहा वर्षांच्या आतले आणि इन्सुलिन न घेणारे होते. 2023 मध्ये लठ्ठ नसलेल्या वीस जणांवरच्या तशाच प्रयोगाचे निकाल आले, त्यातल्या चौदांची साखर तशीच उतरली.

मावशीचा बीएमआय 23 होता. ‘मी कुठे जाडी आहे?’ हे तिचं शेवटपर्यंतचं उत्तर.