‘विदर्भ’चा ‘विर्दभ’ होतो तेव्हा

नागपूरच्या महालातल्या आमच्या टायपिंग क्लासला एक मुलगी यायची. लिपिक-टंकलेखक परीक्षेची तयारी चालली होती. ऐकलेलं सगळं लक्षात ठेवणार, तोंडी उत्तरं चोख. स्क्रीनवर मात्र दर वेळी ‘विदर्भ’चा ‘विर्दभ’. ‘अगं, नीट बघून टाईप कर,’ असं मी तिला किती वेळा म्हणालो असेन! ती बघतच होती. हे मला फार उशिरा कळलं, याचं वाईट वाटतं.

हा शब्द इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण कीबोर्डवर सहा कळांचा : व, वेलांटी, द, र, पाय मोडण्याची कळ, भ. वेलांटी ‘व’नंतर दाबायची, पण दिसते त्याच्या आधी. ‘र’ दाबायचा ‘भ’च्या आधी, पण रफार होऊन बसतो ‘भ’च्या डोक्यावर. कानाचा क्रम एक, डोळ्याचा दुसरा. जुन्या रेमिंग्टन पद्धतीत डोळ्याच्या क्रमाने टाईप करतात, म्हणून दोन्ही शिकलेल्यांचा गोंधळ आणखी वाढतो. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनातली अडचण, असलेल्यांना तर शब्दातले ध्वनी सुटे करून ओळीने धरून ठेवणंच जड जातं. बुद्धीचा याच्याशी संबंध नाही.

१८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या हुशार मुलाची हकिगत छापली. त्याने स्वतःचं नाव ‘प्रेसी’ असं लिहिलं होतं, आणि पुन्हा पुन्हा लक्ष वेधेपर्यंत त्याला चूक दिसली नाही. तिथेही जागा सोडली ती ‘र’नेच!

पण चूक दिसत का नाही? अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात गॉर्डन लोगन आणि मॅथ्यू क्रम्प यांनी सराईत टायपिस्टांवर प्रयोग केले. ते २०१० साली प्रसिद्ध झाले. टायपिस्टने चूक केली की संगणक ती गुपचूप सुधारून स्क्रीनवर बरोबर शब्द दाखवायचा. टायपिस्ट स्क्रीनवर विश्वास ठेवायचे, बोटं मात्र चुकीनंतर अडखळायची. म्हणजे घसरलेली कळ बोटांना आपसूक कळते.

आमच्या क्लासमधल्या त्या मुलीचंही तसंच होतं. घाईत भलतं बटण दाबलं गेलं की तिचं बोट लगेच बॅकस्पेसवर जायचं. ‘विर्दभ’वर ते कधीच थांबलं नाही. माझी समजूत अशी, की तिच्या मनातच क्रम तसा होता आणि बोटं त्याबरहुकूम चालली होती. मग ‘पुन्हा तपास’ म्हणून काय होणार?

टायपिंगच्या चुकांवरून कुणी स्वतःच डिस्लेक्सियाचं निदान करू नये. तपासणी मानसशास्त्रज्ञांकडूनच व्हावी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया तिच्यातच येतो) आहे, हे पालकांना ठाऊक असायला हवं.

आम्ही तिला इअरफोन दिले आणि तिचाच मजकूर संगणकाकडून वाचून घेतला. तिसऱ्या ओळीला तिने हात वर केला.

“सर, हे तं चुकलं नं!”