हीटर पेट्रोल खात नाही

"हीटर लावू नको, पेट्रोल जास्त जातं." कोल्हापुरात जुनी गाडी घेणाऱ्याला हा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे, आणि पावसाळ्यात गगनबावड्याच्या वाटेवर धोक्याचाही.

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेचा मोठा भाग वायाच जातो. तिच्यातली काही कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायला त्यातून फिरणारं द्रव, उचलतं आणि रेडिएटरमधून बाहेर टाकतं. डॅशबोर्डमागे असाच एक छोटा रेडिएटर असतो. हीटरचा खटका सरकवला की गरम कूलंटवरून गेलेली हवा आत येते. म्हणजे फुकटची उष्णता. खर्च फक्त ब्लोअरच्या विजेचा, तोही नगण्य. घाट चढताना टेंपरेचरचा काटा वर सरकू लागला, तर हीटर पूर्ण लावल्यास इंजिनाचा ताण थोडा हलका होतो. मग गाडी बाजूला घ्या.

एसीचं तसं नाही. त्याचा कॉम्प्रेसर इंजिनच पट्ट्यावर फिरवतं, म्हणून तो पेट्रोल घेतोच. तरीही काच आतून धुरकटली की दोन्ही एकत्र लावा: एसी हवेतला ओलावा काढतो, हीटर ती हवा गरम करतो, काच लवकर साफ होते. फडक्याने पुसत गाडी चालवण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित.

मात्र हीटर लावल्यावर गोडसर वास आला किंवा पायाखालचं मॅट चिकट ओलं झालं, तर आतला रेडिएटर गळतोय. काही गॅरेजमध्ये त्याचे पाइप बायपास करून देतात, म्हणजे कूलंट त्यात जाऊच देत नाहीत. गळती थांबते, पण हीटरही जातो. पाऊस सुरू होण्याआधीच तो रेडिएटर बदलून घ्या.