पार्ल्यात गुंतवणूक म्हणून घर घेताना
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

विलेपार्ले पूर्वेला गुंतवणुकीसाठी फ्लॅट बघायला येणाऱ्यांत दोन तऱ्हेची माणसे जास्त असतात. काही इथेच वाढलेली, आता पुण्यात, बंगळुरूला किंवा अमेरिकेत असलेली. "कधीतरी परत यायचंच आहे, तोवर भाड्याने देऊ," असे त्यांचे म्हणणे असते. बाकीच्यांचे राहते घर बोरिवली-ठाण्याकडे आहे, हातात रक्कम आली आहे आणि ती मुलांसाठी चांगल्या वस्तीत गुंतवायची आहे. दोघांचाही पहिला प्रश्न एकच असतो: भाव वाढेल ना?

आम्ही त्याआधी दोन प्रश्न विचारतो. या इमारतीखालची जमीन कागदोपत्री कोणाच्या नावावर आहे? आणि तिच्यावर पुढे किती उंच बांधता येईल? भिंती जुन्या होतात, लाद्या बदलतात. पार्ल्यात वीस वर्षांनी ज्याची किंमत येते तो तुमचा जमिनीतला वाटा असतो. म्हणून या पत्रकात सजावट, वास्तू आणि पार्किंगपेक्षा जमिनीबद्दल जास्त लिहिले आहे.

आम्ही खरेदीदाराच्या बाजूने कागद तपासतो, हिशेब मांडून देतो आणि नोंदणीपर्यंत सोबत असतो. दलाली कोणाकडूनच घेत नाही. आमची फी आधी ठरलेली असते आणि व्यवहार झाला नाही तरी तीच राहते. त्यामुळे "हा फ्लॅट घेऊ नका" हे आम्हाला स्पष्टपणे सांगता येते.

पार्ले महाग का, आणि त्यातले किती तुमच्या पदरात पडणार

एका बाजूला पश्चिम रेल्वे, दुसऱ्या बाजूला द्रुतगती महामार्ग आणि त्यापलीकडे विमानतळ. या पट्ट्यात नवी जमीन निघणार नाही. १९२१ साली सुरू झालेले पार्ले टिळक विद्यालय, १९२३ पासूनचा लोकमान्य सेवा संघ, साठ्ये कॉलेज, दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह, हे सगळे चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आईवडिलांना डॉक्टर, बँक, भाजी आणि देऊळ वाहनाशिवाय गाठता यावे असे ज्यांना वाटते, ते या वस्तीसाठी जास्त पैसे मोजतात आणि मोजत राहतील. ही मागणी खरी आहे, असेच आमचेही मत आहे.

मात्र ती आजच्या भावात आधीच धरलेली आहे. मेट्रो ३ चेही तसेच. आरे ते बीकेसी हा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, मे २०२५ मध्ये गाडी वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कफ परेडपर्यंत गेली. देशांतर्गत विमानतळाचे स्थानक पार्लेकरांच्या सोयीचे आहे. पण "मेट्रोमुळे भाव वाढणार" असे आज कोणी सांगत असेल, तर ती वाढ विक्रेत्याने सांगितलेल्या किमतीत आलेली आहे हे लक्षात घ्या. सांगितलेली किंमत आणि झालेली किंमत यांतला फरक बघायचा असेल, तर त्याच गल्लीतल्या गेल्या वर्षा-दोन वर्षांतल्या नोंदणीकृत व्यवहारांचे इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातले उतारे, काढावेत. हे काम आम्ही पहिल्याच आठवड्यात करतो, आणि बोलणी बहुतेक वेळा तिथूनच नीट सुरू होतात.

आधी हिशेब

समजा फ्लॅट ३ कोटींचा आहे. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, तुमचे आकडे घालून पुन्हा मांडायचे. मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह ६ टक्के, म्हणजे १८ लाख. खरेदीदार फक्त महिला असतील तर १ टक्का सवलत मिळते. पती-पत्नी दोघांच्या नावावर घेतल्यास मिळत नाही. शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारने ठरवलेली) किंमत यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागते. नोंदणी फी ३० हजार. दलाली, रंगकाम, ओटा-नळ धरून एकूण खर्च साधारण ३ कोटी २५ लाखांवर जातो.

भाडे महिना ६५ हजार धरू. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत वर्षाला सरासरी एक महिना रिकामा जातो, म्हणून अकरा महिन्यांचे ७ लाख १५ हजार. त्यातून सोसायटीची देणी, मालमत्ता कर, किरकोळ दुरुस्ती आणि दलाली असे दीड लाखाच्या आसपास जातात. उरतात साडेपाच लाख आणि वर थोडे. म्हणजे घातलेल्या पैशावर वर्षाला पावणेदोन टक्क्यांच्या आसपास, तेही प्राप्तिकर भरण्याआधी.

याच पैशावर वर्षाला ७ टक्के मिळावेत अशी अपेक्षा असेल, तर उरलेले सव्वापाच टक्के भाववाढीतून यायला हवेत, तेही दर वर्षी. मोटामोटी हिशेबाने दहा वर्षांनी हाच फ्लॅट ५ कोटी ४० लाखांना जायला हवा. तुमचा ग्राहक त्या वेळी कोण असेल आणि तो इतके पैसे कशासाठी देईल, याचे उत्तर आजच देता आले पाहिजे.

कर्ज काढणार असाल तर हिशेब अजून कडक होतो. ७५ लाखांवरच्या गृहकर्जात बँकेला मालमत्तेच्या किमतीच्या ७५ टक्क्यांहून जास्त रक्कम देता येत नाही, आणि मुद्रांक व नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाहीत. २ कोटी २५ लाखांचे कर्ज, २० वर्षे, ८.५ टक्के व्याज धरले तर हप्ता सुमारे १ लाख ९५ हजार. भाडे ६५ हजार. दरमहा १ लाख ३० हजार तुमच्या पगारातून जाणार. नव्या करप्रणालीत भाड्याच्या घराच्या व्याजाची वजावट त्या घराच्या भाड्यापुरतीच मिळते. उरलेला तोटा पगारातून वळता करता येत नाही. कर्ज काढून केवळ गुंतवणूक म्हणून पार्ल्यात घर घेऊ नये, असे आम्ही बहुतेकांना सांगतो.

विमानांचा रस्ता आणि इमारतीची उंची

पार्ल्यातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी विचारला जाणारा मुद्दा हा आहे. विमाने उतरण्या-चढण्याच्या मार्गाखालच्या पट्ट्यात, ज्याला सगळे 'फनेल झोन' म्हणतात, इमारतीच्या उंचीवर भारतीय विमानतळ प्राधिकरणाची मर्यादा असते. ही मर्यादा सगळ्या पार्ल्याला सारखी नाही. धावपट्टीपासूनचे अंतर आणि दिशा बदलली की ती बदलते, त्यामुळे शेजारच्या गल्लीत उंच इमारत उभी आहे म्हणून तुमच्याही जागी होईल असे धरू नये.

प्राधिकरणाच्या ना-हरकत पत्रातला आकडा वाचताना बरेच जण चुकतात. ती उंची समुद्रसपाटीपासून दिलेली असते. समजा पत्रात ४८ मीटर लिहिले आहे आणि प्लॉट समुद्रसपाटीपासून १० मीटरवर आहे. मग जमिनीपासून मिळतात ३८ मीटर, आणि त्यातच पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, गच्चीवरचा अँटेनाही बसवायचा. मजला ३ मीटरचा आणि खाली पार्किंगचे मजले धरले की राहण्याजोगे मजले दहाच्या आसपासच उरतात. कागदावर एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधता येते ते प्रमाण) भरपूर असतो, पण तो वापरायला वर जागाच नसते. विकासकाला विकायला फ्लॅट कमी मिळतात, म्हणून तो जुन्या सभासदांना वाढीव क्षेत्र कमी देऊ करतो, किंवा पुढेच येत नाही.

रस्त्याची रुंदीही इतकीच महत्त्वाची. उपनगरात मूळ एफएसआय १ आहे. प्रीमियम (वाढीव बांधकामासाठीची रक्कम) भरून आणि टीडीआर (दुसऱ्या जागेचे बांधकाम हक्क) आणून तो किती वाढेल हे समोरच्या रस्त्यावर ठरते, आणि रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर ही वाढ साधारणतः मिळत नाही. पार्ल्याच्या आतल्या, झाडांनी झाकलेल्या गल्ल्या राहायला फार सुंदर आहेत. पुनर्विकासाच्या आशेने घेणाऱ्याने मात्र तिथे आधी टेप धरावी.

जमिनीचा कागद

आमच्याकडे वारंवार येणारी एक फाइल अशी दिसते. इमारत सत्तरच्या दशकातली, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही. शेअर सर्टिफिकेट व्यवस्थित, सोसायटीची थकबाकी शून्य, फ्लॅटला नुकताच रंग दिलेला. मालमत्ता पत्रक, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढले की त्यावर सोसायटीचे नावच नसते. तिथे मूळ जमीनमालकाचे नाव असते. तो गृहस्थ हयात नसतो, वारस तीन-चार, त्यातला एक परदेशात. बिल्डरने फ्लॅट विकले, सोसायटी नोंदवली गेली, आणि जमिनीचे अभिहस्तांतरण, ज्याला आपण कन्व्हेयन्स म्हणतो, ते राहूनच गेले.

यावर उपाय आहे. १९६३ च्या मोफा कायद्यातल्या (फ्लॅटविक्रीबाबतचा राज्याचा कायदा) तरतुदीनुसार सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डर किंवा जमीनमालकाच्या सहीशिवाय होणाऱ्या कन्व्हेयन्ससाठी, अर्ज करू शकते. पण तो अर्ज सोसायटीने करायचा असतो, एकट्या सभासदाने नाही, आणि त्यासाठी जुने करार, मंजूर नकाशे अशी कागदपत्रे जमवावी लागतात. कन्व्हेयन्स झालेली इमारत आणि न झालेली इमारत यांच्या भावात फरक मागा, आणि तो मिळत नसेल तर दुसरी इमारत बघा.

फ्लॅटच्या मागच्या करारांची साखळीही तपासावी लागते. १० डिसेंबर १९८५ नंतरच्या प्रत्येक विक्री करारावर पूर्ण मुद्रांक भरलेला हवा; मधला एखादा करार कमी मुद्रांकाचा असेल तर दंडासह भरण्याची वेळ शेवटच्या खरेदीदारावर येते. विक्रेत्याला फ्लॅट आईवडिलांकडून आला असेल तर "मी नॉमिनी आहे" एवढ्यावर विसंबू नका. नॉमिनी मालक होत नाही. बाकीच्या वारसांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवे. पार्ल्यात भाऊ-बहीण परदेशी असणे ही नेहमीची गोष्ट आहे, आणि तिथून येणारे मुखत्यारपत्र भारतात आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांकित करावे लागते. विक्रेता स्वतः अनिवासी असेल तर टीडीएस (विक्रेत्याला पैसे देताना खरेदीदाराने कापून भरायचा कर) नेहमीच्या १ टक्क्याने कापून चालत नाही, दर बराच जास्त असतो. कमी कापला तर प्राप्तिकर खाते तुमच्याकडे मागते.

जुना फ्लॅट की नवा

जुना फ्लॅट चौरस फुटाला स्वस्त पडतो आणि पुनर्विकास झाला तर वाढीव क्षेत्र मिळते. मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ३३(७)(ब) या नियमाखाली सोसायटीच्या पुनर्विकासात सध्याच्या बांधीव क्षेत्राच्या १५ टक्के किंवा प्रत्येक सदनिकेमागे १० चौरस मीटर, यांपैकी जास्त असेल तेवढा वाढीव एफएसआय आहे. निर्णयासाठी सहकार कायद्याच्या कलम ७९अ खालच्या जुलै २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५१ टक्के सभासदांची संमती पुरते. हे वाचायला सोपे वाटते. प्रत्यक्षात गेल्या पाच वर्षांचे सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त मागून वाचा. पुनर्विकासाचा विषय दर वर्षी घेतला जातो आणि "पुढील सभेत चर्चा करावी" एवढेच लिहिले जाते, अशा सोसायटीत तुमचे पैसे किती वर्षे थांबतील सांगता येत नाही. इमारत ३० वर्षांपेक्षा जुनी असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. तो अहवालही मागा. फार जुन्या इमारतीला बँक कर्ज देताना मुदत कमी करते, हेही आधी विचारून घ्यावे.

नव्या, बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घेत असाल तर महारेरा (राज्याचे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नोंदणी, क्षेत्र कार्पेटमध्येच (भिंतींच्या आतले) मोजणे, आणि नोंदणीकृत करार होईपर्यंत १० टक्क्यांहून जास्त रक्कम न देणे, एवढे तरी पाळा. बांधकाम चालू असताना ५ टक्के जीएसटी लागतो, भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतरच्या विक्रीवर लागत नाही. स्टिल्टमधली (इमारतीखालच्या खांबांमधली) पार्किंगची जागा "विकत" देऊ करणाऱ्याला नकार द्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच ती स्वतंत्रपणे विकता येत नाही असे सांगितले आहे.

आमचा कल विचाराल तर असा: कन्व्हेयन्स झालेली, रुंद रस्त्यावरची, उंचीच्या मर्यादेत अजून चार-पाच मजले शिल्लक असलेली जुनी इमारत मिळाली, तर ती चकचकीत नव्या इमारतीपेक्षा चांगली गुंतवणूक आहे. अशा इमारती कमी आहेत, वाट बघावी लागते.

भाड्याने देताना आणि विकताना

लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणे कायद्याने सक्तीचे आहे आणि न नोंदवल्याची जबाबदारी मालकावर येते. सोसायटी बिनभोगवटा (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे) शुल्क घेऊ शकते, पण सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. हस्तांतरणाच्या वेळी प्रीमियम २५ हजारांपेक्षा जास्त मागता येत नाही. वर "देणगी" मागितली तर ती लेखी मागा असे सांगा.

विकताना, घर २४ महिन्यांहून जास्त काळ तुमच्याकडे असेल तर नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. २३ जुलै २०२४ पासून घेतलेल्या घराला महागाईचा निर्देशांक लावून खरेदी किंमत वाढवता येत नाही. म्हणून मुद्रांक, नोंदणी, दलाली, मोठी दुरुस्ती यांच्या पावत्या पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये ठेवा. त्या नफ्यातून वजा होतात.

पहिल्या भेटीला येताना

फ्लॅटच्या शेवटच्या कराराची आणि शेअर सर्टिफिकेटची छायाप्रत, इमारतीचा सीटीएस (नगर भूमापन) क्रमांक आणि सोसायटीचे ताजे बिल आणा. प्रॉपर्टी कार्ड, इंडेक्स टू आणि डीपी रिमार्क (विकास आराखड्यातली प्लॉटबद्दलची नोंद) आम्ही काढतो. टोकनची रक्कम तोवर देऊ नका, "आज दुसरी पार्टी येणार आहे" असे कोणी सांगितले तरी. देऊन झाली असेल तर पावती घेऊन या आणि तिच्यावर काय लिहिले आहे ते आधी आम्हाला दाखवा.