सॅटनॉग्सवर ग्राउंड स्टेशन नोंदवताय? गाडी कुठे अडते ते आधी पाहा

हौशी रेडिओ उपग्रहांचा डेटा घरच्या अँटेनाने पकडून इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला करायचा असेल, तर ग्रीसच्या लिब्रे स्पेस फाउंडेशनचं 'सॅटनॉग्स' हे ग्राउंड स्टेशनांचं (उपग्रहांचे सिग्नल पकडणाऱ्या जमिनीवरच्या केंद्रांचं) जाळं सोयीचं आहे. खालच्या कक्षेतला उपग्रह एका ठिकाणाहून एका फेरीत जेमतेम दहा-बारा मिनिटं ऐकू येतो. पुढे त्याला ऐकायला दुसरीकडे कोणीतरी हवं.

पात्रतेपाशीच बरेच जण विनाकारण थांबतात. हॅम परवाना (हौशी रेडिओचा परवाना) हातात आल्यावर बघू, म्हणतात. सॅटनॉग्स परवान्याची प्रत मागत नाही, कारण स्टेशन फक्त ऐकतं. प्रसारण करायचं असेल तर मात्र परवाना हवाच.

रास्पबेरी पाय (छोटा संगणक), आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लागणारा रेडिओ रिसीव्हर), १४५ किंवा ४३५ मेगाहर्ट्झची अँटेना आणि इंटरनेट एवढं पुरतं. खातं उघडणं, पायच्या मेमरी कार्डवर सॉफ्टवेअर चढवणं ही कामं सरळ आहेत.

घोळ होतो तो अक्षांश-रेखांशात. आकडे दशांशात भरायचे: पुण्याचा अक्षांश १८ अंश ३१ मिनिटं, म्हणजे १८.५२, १८.३१ नव्हे. दोन्ही आकड्यांची अदलाबदल झाली तर पुण्याचं स्टेशन थेट नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्रात जातं आणि उपग्रहाच्या वेळा तिथल्या निघतात. मग लोक बिचारे अँटेना बदलत बसतात! नोंदणी झाल्यावर नकाशावरची खूण एकदा बघाच.

रास्पबेरी पायवरच्या सेटअपमध्ये स्टेशन क्रमांक आणि एपीआय की (सॉफ्टवेअरला तुमच्या खात्याशी जोडणारा गुप्त संकेत) लागते. ही की तुमच्या खात्यात मिळते. सेटअपमध्ये तिच्या जागी पासवर्ड टाकून चालत नाही. ही की कोणाला पाठवू नका, मदत मागताना टाकलेल्या स्क्रीनशॉटमध्येही दिसू देऊ नका.

सगळ्यात जास्त लोक अडकतात ते 'टेस्टिंग'मध्ये, म्हणजे स्टेशनच्या चाचणीच्या स्थितीत. स्टेशन या स्थितीत असेपर्यंत त्यावर निरीक्षणं (ठरलेल्या वेळी उपग्रह ऐकण्याची कामं) फक्त मालकच लावू शकतो. दुसरं कोणी लावेल म्हणून वाट पाहू नका. स्वतः काही निरीक्षणं लावा, वॉटरफॉलमध्ये (सिग्नलच्या आलेखात) सिग्नलची रेघ दिसली की टेस्टिंगची खूण काढा. इतकी महत्त्वाची गोष्ट अर्जातच ठळक लिहायला काय हरकत होती, कळत नाही.

सॅटनॉग्सवरच्या वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात. १४:०० म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात.

आणि स्टेशनची जागा जगाला दिसते. घराचा नेमका पत्ता उघड करायचा नसेल तर आकडे दोनच दशांश स्थळांपर्यंत द्या. साधारण किलोमीटरभराच्या फरकाने सिग्नल पकडण्यात अडचण येत नाही.