साठ मतांची कोंडी: अमेरिकी सिनेटमधली अडवणूक आली कुठून?

१ ऑक्टोबर २०२५ पासून अमेरिकेच्या केंद्र सरकारचा कारभार ४३ दिवस ठप्प होता. खर्चाला मंजुरी देणारं विधेयक वेळेत झालं नाही, लाखो कर्मचाऱ्यांचे पगार थांबले आणि हवाई वाहतूक नियंत्रकांना बिनपगारी काम करावं लागलं. अध्यक्ष रिपब्लिकन आणि दोन्ही सभागृहांत बहुमतही रिपब्लिकनांचंच, तरी ही गत! आपल्याकडे लोकसभेत अर्थसंकल्प पडला तर सरकार जातं. तिथे सरकार जागेवर राहतं आणि कार्यालयांना कुलूप लागतं. सिनेटमध्ये चर्चा थांबवून विधेयक मतदानाला आणायलाच १०० पैकी ६० मतं लागत होती. डेमोक्रॅटिक गोटातल्या ८ जणांची साथ मिळाली तेव्हाच हे कुलूप निघालं.

हा ६०चा आकडा राज्यघटनेत कुठेही नाही. पायउतार होणारे उपाध्यक्ष अ‍ॅरन बर यांनी १८०५ मध्ये सिनेटला नियमांची साफसफाई सुचवली आणि ज्याच्या आधारे पुढे चर्चा आटोपती घेता आली असती, तो नियम १८०६ मध्ये फालतू म्हणून वगळला गेला. त्यातून बोलत राहून विधेयक मारण्याची, म्हणजे फिलिबस्टरची वाट मोकळी झाली. १९१७ मध्ये मालवाहू जहाजांवर तोफा बसवण्याचं विधेयक मूठभर सिनेटरांनी असंच अडवलं. अध्यक्ष वुड्रो विल्सन भडकले, तेव्हा कुठे दोन-तृतीयांश मतांनी चर्चा थांबवण्याची सोय झाली. १९७५ मध्ये ही अट १०० पैकी ६० वर आली.

अडवणूक जुनीच आहे, मग पूर्वी गाडा चालायचा कसा? त्यासाठी १९६४च्या नागरी हक्क कायद्याकडे पाहावं. वर्णभेदाविरुद्धचं हे विधेयक रोखलं ते अध्यक्ष जॉन्सन यांच्याच पक्षाच्या दक्षिणेकडील सिनेटरांनी. जॉर्जियाचे रिचर्ड रसेल त्यांचे म्होरके. कामकाजाचे ६० दिवस त्यात गेले. विधेयकाची धुरा वाहणारे ह्युबर्ट हम्फ्री यांना पक्कं ठाऊक होतं की एकट्या डेमोक्रॅटांच्या बळावर हे होणार नाही. म्हणून ते विरोधी पक्षनेते एव्हरेट डर्कसन यांच्या मागे लागले. डर्कसननी मसुद्यात बदल करून घेतले, श्रेयही घेतलं आणि मतं आणून दिली.

१० जूनला चर्चा थांबवण्यासाठी मतदान झालं. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल यांना व्हीलचेअरवरून सभागृहात आणलं होतं. मेंदूतल्या गाठीमुळे त्यांची वाचा गेलेली. नाव पुकारल्यावर शब्द फुटेना, तेव्हा त्यांनी हात उचलून डोळ्याकडे बोट दाखवलं. इंग्रजीत डोळा आणि होकार दोन्हींचा उच्चार ‘आय’. मत नोंदलं गेलं. ७१ विरुद्ध २९. त्या ७१ मध्ये ३३ पैकी २७ रिपब्लिकन होते.

अर्थात त्या काळाचे गोडवे गाताना जरा हात आखडता घ्यावा. दोन्ही पक्षांतल्या सनातन्यांची अशीच हातमिळवणी त्याआधी कित्येक वर्षं वर्णभेदाला सांभाळत आली होती. आणि गंमत म्हणजे १९५० मध्ये अमेरिकी राज्यशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या समितीची तक्रार होती की दोन्ही पक्षांत पुरेसा फरकच नाही, मतदारानं निवडायचं काय?

त्यांची इच्छा नको तितकी पुरी झाली. नागरी हक्क कायद्यांनंतर दक्षिणेतले गोरे मतदार हळूहळू रिपब्लिकनांकडे सरकले, पक्षांची सरमिसळ संपली. १९९४ मध्ये न्यूट गिंग्रिच यांच्या आक्रमक प्रचारानंतर रिपब्लिकनांनी ४० वर्षांनी प्रतिनिधीगृह जिंकलं. त्यातच सिनेटच्या कामकाजातला एक बदल अंगाशी आला. १९७० च्या सुमारास एक विधेयक अडलेलं असताना बाकीचं काम चालू ठेवण्याची सोय केली गेली. हेतू चांगला, पण अडवणूक स्वस्त झाली. स्ट्रॉम थर्मंड १९५७ मध्ये २४ तास १८ मिनिटं उभे राहून बोलले होते. आता नुसती धमकी पुरते.

शटडाउनची, म्हणजे कार्यालयांना कुलूप लागण्याची गोष्ट तर त्याहून अलीकडची. खर्चमंजुरी संपली तरी कार्यालयं पूर्वी रेटत राहायची. १९८० मध्ये अ‍ॅटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी कायद्याचा अर्थ लावला की पैसा मंजूर नसेल तर बहुतेक काम थांबलंच पाहिजे. पुढे १९९५-९६ मध्ये २१ दिवस, २०१८-१९ मध्ये ३५, आणि मग हे ४३.

दोघांनी मिळून केलेलं टिकतं, हा माझ्या मते सहकार्याच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा. १९८३ मध्ये रेगन आणि डेमोक्रॅट सभापती टिप ओ’नील यांनी पेन्शन योजनेची दुरुस्ती केली, पूर्ण निवृत्तिवेतनाचं वय टप्प्याटप्प्यानं ६५ वरून ६७ करण्याचं कटू औषधही त्यात होतं. दोष वाटून घेतल्यानं ते पचलं. उलट ओबामांचा २०१० चा आरोग्य कायदा एकाही रिपब्लिकन मताविना झाला आणि २०१७ मध्ये तो मोडीत काढण्याचा प्रयत्न सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ५१ अशा मतांनी फसला म्हणून थोडक्यात बचावला.

न्यू जर्सी किंवा बे एरियातल्या मराठी घरांना ही कोंडी ग्रीन कार्डाच्या रांगेत भेटते. कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांहून जास्त वाटा नाही, ही मर्यादा सध्याच्या रूपात १९९० च्या कायद्यातली. नोकरीवर आधारित अर्जांसाठी ती काढणारं व्यापक विधेयक ४ डेमोक्रॅट आणि ४ रिपब्लिकन सिनेटरांनी मिळून लिहिलं. जून २०१३ मध्ये सिनेटनं ते ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलं. प्रतिनिधीगृहाचे सभापती जॉन बेनर यांनी मात्र स्वपक्षातल्या विरोधामुळे ते मतदानालाच आणलं नाही.